लूप मध्येच थांबवताना

प्रश्नांचे दोन प्रकार

कोल्हापूर जिल्ह्यातील पन्हाळा तालुक्यात, वारणा नदीच्या काठी असलेले वारणानगर तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या सहकारी साखर कारखान्याभोवती वाढले. १९९८ मध्ये या परिसरातील ७० गावांसाठी ‘वायर्ड व्हिलेज’ हा प्रकल्प सुरू झाला. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, राज्य शासन आणि वारणा सहकारी समूह यांचा तो संयुक्त उपक्रम होता. गावोगावच्या केंद्रांत संगणक आले. उसाची नोंद, तोडणीची चिठ्ठी, काट्यावरचे वजन, बिलाची रक्कम अशी माहिती कारखान्यावर हेलपाटा न घालता मिळू लागली. पुढच्या दशकात मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी ‘वारणा अनवायर्ड’ या प्रयोगात सात गावांमध्ये संगणकाच्या जागी मोबाइल आणि एसएमएस वापरून पाहिले. साधन बदलले तरी शेतकऱ्याचे प्रश्न तेच राहिले.

या प्रश्नांकडे संगणकाच्या अंगाने पाहिले तर त्यांचे दोन गट पडतात. ‘माझी गाडी काट्यावर आली का?’ या प्रश्नाचे उत्तर पहिल्या जुळणाऱ्या नोंदीपाशी पूर्ण होते. ‘माझा एकूण ऊस किती टन गेला?’ या प्रश्नाला मात्र शेवटची नोंद पाहिल्याशिवाय उत्तर नाही. लूपमधून लवकर बाहेर पडण्याचा संपूर्ण विषय या भेदावर उभा आहे. येथील उदाहरणे जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या अंगाने दिली आहेत; वारणेच्या प्रकल्पातील सॉफ्टवेअर तिच्यात लिहिलेले होते असे सुचवायचे नाही. उदाहरणासाठी घेतले आहे ते कामाचे स्वरूप. पुढे येणारे कीवर्ड, म्हणजे भाषेने राखून ठेवलेले शब्द, प्रत्यक्ष प्रोग्रॅममध्ये रोमन लिपीतच टंकावे लागतात. येथे त्यांचे उच्चार देवनागरीत दिले आहेत.

ब्रेक

लूप म्हणजे ठरावीक सूचनांचा संच पुन्हापुन्हा चालवणारी रचना. सामान्यतः ती स्वतःची अट असत्य ठरल्यावर किंवा यादी संपल्यावर थांबते. ‘ब्रेक’ हे विधान आले की चालू फेरीतील उरलेली विधाने सोडली जातात, पुढच्या फेऱ्या रद्द होतात आणि नियंत्रण लूपनंतरच्या पहिल्या विधानावर जाते. फॉर, व्हाइल, डू-व्हाइल, फॉर-इन आणि फॉर-ऑफ या पाचही प्रकारांत ते चालते. जावास्क्रिप्ट १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी तयार केली. तिची बाह्य घडण जावामार्गे सी भाषेकडून आली आणि ब्रेकही त्याच वाटेने आला. १९६८ मध्ये संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइकस्ट्रा यांनी ‘गो-टू’ या मुक्त उडीवर टीका केल्यानंतर प्रोग्रॅममधल्या उड्यांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. ब्रेक हीदेखील उडीच आहे, पण लगाम घातलेली: तिला पुढेच जाता येते आणि उतरण्याची जागा रचनेनेच ठरवून दिलेली असते.

सहा पावत्या

एका दिवसाच्या वजनपावत्यांचा लहान ॲरे, म्हणजे क्रमाने लावलेली यादी, कल्पून पाहता येईल. प्रत्येक नोंदीत सभासदाचा कोड, गाव आणि वजन आहे. पहिली नोंद १०४२, कोडोली, १४.२ टन, दुसरी ११८७, जाखले, ११.६ टन, तिसरी १२०३, काखे, १६.१ टन, चौथी पुन्हा १०४२, कोडोली, १३.८ टन, पाचवी १३१०, बहिरेवाडी, १२.४ टन, सहावी पुन्हा १२०३, काखे, ९.७ टन.

कोड १२०३ ची एखादी गाडी काट्यावर आली आहे का, हे शोधताना लूप पहिल्या नोंदीवर कोड ताडते, जुळत नाही. दुसऱ्यावर ताडते, जुळत नाही. तिसऱ्यावर जुळतो आणि ब्रेक होतो. तीन तुलना वाचल्या, उत्तर बरोबर आले. आता हेच लूप एकूण वजनासाठी वापरले आणि ब्रेक तसाच राहिला, तर बेरीज १६.१ टनांवर थांबेल. खरे वजन २५.८ टन आहे, ९.७ टन ऊस हिशेबातून गळाला. प्रोग्रॅम कोणतीही त्रुटी दाखवत नाही, पडद्यावर लाल अक्षरे येत नाहीत, आकडाही अविश्वसनीय वाटत नाही. चुकीच्या जागी पडलेला ब्रेक बहुधा असाच गप्प असतो, आणि म्हणून तो शोधायला अवघड जातो.

या उदाहरणात आणखी एक अडचण दडलेली आहे. लूप संपल्यावर ते ब्रेकने संपले की यादी संपल्यामुळे, हे लूप स्वतः सांगत नाही. पायथॉन भाषेत लूपला एल्सची जोड देऊन हा फरक ओळखता येतो. जावास्क्रिप्टमध्ये तशी सोय नाही. त्यामुळे ‘सापडले’ अशा नावाचे व्हेरिएबल लूपच्या बाहेर घोषित करून सुरुवातीला त्याची किंमत असत्य ठेवायची आणि ब्रेकच्या आधी ती सत्य करायची, असा प्रघात आहे. ही घोषणा लूपच्या कंसात ‘लेट’ने केली तर व्हेरिएबलची व्याप्ती तेथेच संपते आणि बाहेर ते उपलब्ध राहत नाही. नवशिक्यांची येथे हमखास गल्लत होते.

वाचते किती?

समजा २०,००० सभासदांच्या नोंदी कोणत्याही क्रमाने ठेवल्या आहेत. शोधलेला कोड यादीत आहे आणि तो कुठेही असण्याची शक्यता सारखी आहे असे धरले, तर ब्रेकमुळे सरासरी सुमारे १०,००० तुलना होतात. ब्रेकविना दर वेळी २०,०००. कोड यादीत नसेल तर ब्रेकचा काहीच उपयोग नाही, सर्व नोंदी पाहाव्याच लागतात. म्हणजे काम सरासरीने निम्मे होते, पण नोंदी दुप्पट झाल्या की कामही दुप्पट होते. वाढीचा हा नियम ब्रेक बदलू शकत नाही.

नोंदी कोडच्या चढत्या क्रमाने लावलेल्या असतील तर बाहेर पडण्याचे दुसरेही कारण मिळते. ४५१२ शोधताना ४५२० दिसला की पुढे जाण्यात अर्थ नाही; ‘नाही’ हे उत्तरही लवकर देता येते. क्रम लावलेलाच असेल तर द्विभाजन शोध अधिक चांगला: दर वेळी मधली नोंद पाहून अर्धी यादी बाद केली की २०,००० नोंदींत जास्तीत जास्त १५ तुलना पुरतात. आणि कोडवरून नोंद वारंवार शोधायची असेल तर ‘मॅप’ ही रचना वापरून लूपच टाळावे. लवकर बाहेर पडणे ही सोय आहे, ती चांगल्या मांडणीची जागा घेत नाही.

ब्रेक कोणाला लागू होतो?

साधा ब्रेक नेहमी स्वतःला वेढणाऱ्या सर्वांत आतल्या लूपमधून किंवा किमतीनुसार ‘केस’ निवडणाऱ्या ‘स्विच’मधून बाहेर काढतो. ‘इफ’शी त्याचा संबंध नाही. ब्रेक जवळजवळ नेहमी इफच्या आत लिहिलेला असल्याने तो इफमधून बाहेर काढतो असा समज होतो. प्रत्यक्षात इफ ही फक्त अट, सुटका होते ती बाहेरच्या रचनेतून. उलट, लूपच्या आत स्विच असेल आणि त्याच्या एखाद्या केसमध्ये ब्रेक असेल, तर संपते ते स्विच; लूप चालूच राहते. ‘नोंद’, ‘तोड’, ‘वजन’, ‘समाप्त’ असे संदेश वाचणाऱ्या लूपमध्ये ‘समाप्त’ या केसमधील ब्रेक लूप थांबवील अशी अपेक्षा ठेवली, तर ती फोल ठरते. लूपची अट कायम सत्य असेल तर ब्राउझरमधील पान गोठते, कारण जावास्क्रिप्टचे काम आणि पानाचे क्लिकला प्रतिसाद देणे एकाच धाग्यावर चालते.

ब्रेक कोणत्या रचनेला लागू होतो यातल्या गल्लतीचे एक महागडे उदाहरण अमेरिकेत घडले. १५ जानेवारी १९९० रोजी एटी अँड टी कंपनीचे लांब पल्ल्याचे दूरध्वनी जाळे सुमारे नऊ तास विस्कळीत झाले. जाळ्यातील ११४ फोर-ईएसएस एक्स्चेंज एकमेकांना संदेश पाठवत आळीपाळीने बंद पडून पुन्हा सुरू होत राहिली. मूळ दोष सी भाषेतील एका ब्रेकमध्ये होता: स्विचच्या आतल्या इफमध्ये तो लिहिलेला होता आणि त्याने अपेक्षेपेक्षा मोठी रचना ओलांडली. जावास्क्रिप्टमध्ये ब्रेकच्या व्याप्तीचा नियम अगदी तोच आहे.

कंटिन्यू

‘कंटिन्यू’ लूप संपवत नाही. चालू फेरी तेवढी अर्धवट सोडून पुढच्या फेरीकडे जाते. वजन शून्य असलेली किंवा रद्द झालेली पावती वगळून बेरीज करायची असेल तर ती वापरणे सोयीचे, कारण यादी शेवटपर्यंत पाहिली जाते. फॉर लूपमध्ये कंटिन्यूनंतर मोजणी वाढवणारा भाग चालतो, मग अट तपासली जाते. व्हाइल लूपमध्ये मोजणी वाढवण्याचे विधान बहुधा शेवटी लिहिलेले असते. कंटिन्यू त्याच्या आधी आली तर ते विधान कधीच चालत नाही आणि तीच नोंद अनंत काळ तपासली जाते. डग्लस क्रॉकफर्ड यांनी जावास्क्रिप्टवरील आपल्या २००८ च्या पुस्तकात कंटिन्यू टाळण्याचा सल्ला दिला आहे. तो जरा टोकाचा वाटतो. फेरीच्या आरंभीच नको त्या नोंदी बाजूला सारणारी एखादी कंटिन्यू एकात एक गुंतलेल्या तीन इफपेक्षा वाचायला सोपी असते.

लूपमध्ये लूप

माहिती गावनिहाय ठेवली असेल तर बाहेरचे लूप गावांवरून आणि आतले लूप त्या गावातील पावत्यांवरून फिरते. काखे गावात कोड सापडल्यावर आतल्या लूपमधील साधा ब्रेक पावत्या पाहणे थांबवतो, पण बाहेरचे लूप पुढच्या गावाकडे सरकते. दोन्हींतून एकदम निघण्यासाठी बाहेरच्या लूपला लेबल देता येते: लूपच्या आधी नाव आणि विसर्गचिन्हासारखा कोलन. मग ब्रेकनंतर ते नाव लिहिले की त्या नावाचे लूप संपते. जावास्क्रिप्टमध्ये नावांसाठी युनिकोडमधील अक्षरे चालतात, त्यामुळे लेबलचे नाव देवनागरीत ‘गाव’ असे ठेवले तरी ते वैध आहे. वर सांगितलेली रोमनची सक्ती फक्त कीवर्डपुरती. कंटिन्यूलाही लेबल जोडता येते: ‘या गावाचे झाले, पुढचे गाव घ्या’ असा त्याचा अर्थ होतो.

लेबलयुक्त ब्रेकला पुष्कळ जण गो-टूचा भाऊबंद समजून हात लावत नाहीत. तशी भीती बाळगण्याचे कारण नाही, कारण लेबल हे वेढणाऱ्या विधानाचेच असावे लागते. असंबद्ध ठिकाणी उडी मारता येत नाही. स्विचमधून थेट लूपबाहेर पडण्याचा सरळ उपायही हाच.

रिटर्न

‘रिटर्न’ फक्त फंक्शनमध्ये चालते आणि ते संपूर्ण फंक्शनच संपवते, आत कितीही लूप एकात एक असोत. शोधाचे काम वेगळ्या फंक्शनमध्ये ठेवले तर नोंद सापडताच ती नोंद रिटर्न करायची आणि लूप संपून खाली आल्यास ‘नल’ रिटर्न करायचे, एवढेच उरते. ‘सापडले’ हे वेगळे व्हेरिएबल नको, लेबल नको, आणि लूप कशाने संपले या प्रश्नाचे उत्तर परत आलेल्या किमतीतच मिळते. एकाहून अधिक लूप असतील तेव्हा हाच मार्ग सर्वांत स्वच्छ, असे म्हणायला हरकत नाही. फंक्शनच्या शेवटी फाइल बंद करणे वगैरे काम असेल तर मात्र मधल्या रिटर्नमुळे ते सुटू शकते.

फॉरईचची अडचण

जावास्क्रिप्टच्या २००९ च्या मानकाने, म्हणजे ईसीएमएस्क्रिप्टच्या पाचव्या आवृत्तीने, ॲरेला ‘फॉरईच’, ‘मॅप’, ‘फिल्टर’, ‘सम’, ‘एव्हरी’ अशा पद्धती दिल्या. फॉरईचला एक फंक्शन दिले जाते आणि ते प्रत्येक घटकासाठी बोलावले जाते. दिसायला हे लूप, रचनेने मात्र ओळीने लावलेली फंक्शनची बोलावणी. त्यामुळे आत ब्रेक लिहिला तर प्रोग्रॅम सुरूच होत नाही. व्याकरणाची चूक म्हणून तो नाकारला जातो. रिटर्न लिहिले तर चूक दाखवली जात नाही, पण संपते ते केवळ त्या एका घटकासाठीचे फंक्शन. पुढच्या घटकासाठी ते पुन्हा बोलावले जाते. म्हणजे फॉरईचमधील रिटर्न कंटिन्यूसारखे वागते. त्रुटी फेकून, म्हणजे ‘थ्रो’ वापरून, फॉरईच थांबवता येते, परंतु नेहमीच्या कामासाठी त्रुटीचा असा वापर वाचणाऱ्याची दिशाभूल करतो. मध्येच थांबण्याची शक्यता असेल तर २०१५ च्या आवृत्तीत आलेले फॉर-ऑफ घ्यावे. ते खरे लूप असल्याने ब्रेक, कंटिन्यू आणि रिटर्न तिन्ही त्यात सरळ चालतात.

सम, एव्हरी, फाइंड

काही पद्धतींत लवकर थांबणे अंगभूतच आहे. ‘सम’ विचारते: अट पूर्ण करणारा एक तरी घटक आहे का? पहिला ‘हो’ मिळताच ती थांबते. ‘एव्हरी’ विचारते: सगळे घटक अट पूर्ण करतात का? पहिला ‘नाही’ मिळताच ती थांबते. तर्कशास्त्रातील ‘अस्ति’ आणि ‘सर्व’ या दोन विधानांची ही थेट रूपे आहेत, आणि एकीचा नकार दुसरीत रूपांतरित होतो: ‘सर्व बिले भागली’ हे असत्य असणे म्हणजे ‘एक तरी बिल थकले’ हे सत्य असणे. २०१५ मध्ये आलेली ‘फाइंड’ पहिला जुळणारा घटक परत देते, ‘फाइंडइंडेक्स’ त्याचा क्रमांक. २०२३ च्या ‘फाइंडलास्ट’ने शोध शेवटाकडून सुरू करता येतो, एखाद्या सभासदाची सर्वांत अलीकडची पावती हवी असेल आणि पावत्या वेळेच्या क्रमाने असतील तर तीच योग्य.

मर्यादा रिकाम्या यादीपाशी दिसतात. ॲरेत एकही घटक नसेल तर समचे उत्तर असत्य येते आणि एव्हरीचे सत्य. तर्काच्या दृष्टीने हे निर्दोष आहे, कारण अट मोडणारा घटक सापडत नाही. व्यवहारात मात्र ज्या गटाच्या नोंदी अजून भरल्याच नाहीत त्या गटाची ‘सर्व बिले भागली’ असा अहवाल निघू शकतो. म्हणून यादीची लांबी आधी तपासणे इष्ट. फाइंडइंडेक्सचेही असेच. ॲरेतील क्रमांक शून्यापासून सुरू होतात आणि काहीच न सापडल्यास उत्तर उणे एक येते. हे उत्तर सरळ इफमध्ये टाकले तर पहिल्याच जागी सापडलेली नोंद शून्यामुळे ‘नाही’ ठरते आणि न सापडलेली ‘आहे’ ठरते. तुलना उणे एकशी स्पष्टपणे करावी लागते.

निघताना आवराआवर

बाहेर पडताना उघडलेले काही बंद करायचे असेल तर दोन यंत्रणा मदतीला येतात. पहिली ‘ट्राय-फायनली’: ट्रायच्या आतून ब्रेक, कंटिन्यू किंवा रिटर्न झाले तरी फायनलीतील विधाने चालल्यावरच नियंत्रण पुढे जाते. याचा उलटा परिणाम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. फायनलीच्या आतच ब्रेक किंवा रिटर्न लिहिले तर ट्रायमध्ये उद्भवलेली त्रुटी गिळली जाते आणि तिचा मागमूस राहत नाही.

दुसरी यंत्रणा फॉर-ऑफची. फॉर-ऑफ ‘इटरेटर’कडून एकेक घटक मागून घेते. लूप मध्येच सोडले गेले तर ते इटरेटरची ‘रिटर्न’ नावाची पद्धत, असल्यास, बोलावते. आणखी काही मागायचे नाही, हा तिचा संदेश. घटक ‘जनरेटर’कडून येत असतील तर या वेळी जनरेटरमधील फायनलीचा भाग चालतो आणि जनरेटर बंद होतो. म्हणून ब्रेकनंतर त्याच जनरेटरवर दुसरे फॉर-ऑफ चालवून उरलेले घटक घेण्याचा प्रयत्न केला तर हाती काहीच लागत नाही. ॲरेच्या इटरेटरला अशी रिटर्न पद्धत नसते, त्यामुळे ॲरेवर या गोष्टीचा परिणाम जाणवत नाही. मागणी होईल तसा पुढचा घटक तयार करणारे जनरेटर अनंतही असू शकते. तेथे ब्रेक ही सोय न राहता गरज बनते.

प्रतीक्षेची कामे

नोंद दुसऱ्या संगणकावरून मागवायची असेल तर उत्तराची वाट पाहावी लागते. आत ‘अवेट’ असलेले फॉर-ऑफ एक उत्तर येईपर्यंत दुसरी मागणी पाठवत नाही. हवे ते उत्तर आले की ब्रेक, आणि पुढच्या मागण्या कधीच निघत नाहीत. वेळ जास्त लागतो, वाया काही जात नाही. सर्व उत्तरांची एकत्र वाट पाहणाऱ्या ‘प्रॉमिस डॉट ऑल’ला देण्याजोग्या मागण्या आधीच एकदम निघालेल्या असतात, तेथे ब्रेकला जागाच नाही. २०२१ मध्ये आलेली ‘प्रॉमिस डॉट एनी’ पहिल्या यशस्वी उत्तराशी थांबते, पण थांबते ती फक्त वाट पाहणे. बाकीच्या मागण्या मागे चालूच राहतात. त्या खरोखर रद्द करायच्या तर ‘अबॉर्टकंट्रोलर’ लागतो. फॉरईचला असिंक फंक्शन देणे येथे दुहेरी चुकीचे, कारण ते ना थांबते ना वाट पाहते.

२०२५ च्या मानकाने इटरेटरलाही सम, एव्हरी, फाइंड आणि ठरावीक संख्येने घटक घेणारी ‘टेक’ या पद्धती दिल्या. काम भागताच मूळ इटरेटर बंद करण्याची जबाबदारी त्या स्वतः उचलतात. त्याच यादीत इटरेटरचे फॉरईचही आले, आणि मध्येच बाहेर पडण्याची सोय त्यातही नाही.